मोठा मासा सोडा, छोटा घरी न्या? बासच्या मापाचे नियम आणि गळाला लागलेल्या माशाचं काय करायचं

रापणकर

नमस्कार मंडळी. परदेशात गळ टाकणारे मराठी लोक इथे बरेच आहेत असं दिसतंय, म्हणून हा धागा.

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो. सध्या वडील मालवणहून आलेत. त्यांचा जन्म रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढण्यात गेला. गेल्या आठवड्यात त्यांना लेक फोर्कला नेलं. त्यांच्या गळाला चांगला १९ इंची लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) लागला आणि मी तो परत पाण्यात सोडायला लावला. फोर्कला १६ ते २४ इंचांच्या मधला बास ठेवता येत नाही. थोड्या वेळाने १३ इंची लागला, तो मात्र ठेवायला परवानगी! बाबा म्हणाले, "मोठो सोडून दितत आणि बारीक घराक नेतत? ह्यां खयचां शास्तर?"

मला त्यांना नीट समजावता आलं नाही. नियम पाठ आहे, कारण नाही. तर जाणकारांना प्रश्न:

हा मधल्या मापाचा नियम नेमका कशासाठी? आम्ही तो १३ इंची बर्फात टाकला तेव्हा शेजारच्या बोटीतल्या बाप्याने असं बघितलं की जणू आम्ही त्याचं कुत्रं उचललं. बास खाणं खरंच इतकं वाईट मानतात का? आणि सोडलेला मासा जगतो का, की आपण नुसतं समाधान करून घेतो?

तळ्यातमळ्यात

पॉपकॉर्न घेऊन बसा, लांबण लागणार आहे.

टेक्सासचा सर्वसाधारण नियम म्हणजे लार्जमाउथ किमान १४ इंच आणि माणशी दिवसाला ५. किमान मापाचा हेतू सरळ आहे, मासा एकदा तरी विणीला येऊन जावा. तुमच्या वडिलांना हा पटेलच. फोर्कचा नियम वेगळा, त्याला स्लॉट म्हणतात. १६ पर्यंतचे ठेवा, २४ किंवा त्यावरचा दिवसाला एकच ठेवा, मधल्यांना हात लावायचा नाही.

का? तलावात खाद्य ठरावीक असतं. शॅड, ब्लूगिल वगैरे बारीक मासे जे काय आहेत त्यावर सगळ्यांनी जगायचं. दहा-बारा इंची बास संख्येने सर्वात जास्त, म्हणजे खाणारी तोंडंही तीच. त्यातले काही काढले की उरलेल्यांना पोटभर मिळतं आणि ते भराभर १६ च्या पुढे जातात. पुढे गेले की २४ इंच होईपर्यंत त्यांना अभय. २४ इंची बास साधारण आठ-नऊ पाउंडांचा भरतो, आणि एवढा वाढलेला बास जवळजवळ नेहमी मादीच असतो. नर त्या मापाला पोचतच नाहीत. म्हणजे १९ इंची सोडून वडिलांनी उद्याची मोठी मादी सोडली असण्याची शक्यता बरीच.

फोर्कला सुरुवातीपासून फ्लोरिडा वाणाचे बास सोडले होते, त्याला या नियमाची जोड मिळाली. टेक्सासचा विक्रमी बास १८.१८ पाउंडांचा, जानेवारी १९९२ मध्ये याच तलावात मिळाला. राज्याचं मत्स्य खातं १९८६ पासून शेअरलंकर नावाचा कार्यक्रम चालवतं. जानेवारी ते मार्चमध्ये १३ पाउंडांच्या वरचा बास मिळाला की फोन करायचा. त्यांची गाडी येते, मादीला अथेन्स गावच्या केंद्रात नेतात, तिथे वीण होते आणि नंतर तिला परत तिच्या तलावात आणून सोडतात. पहिलटकरणीचं माहेरपण म्हणा ना!

गोम पुढे आहे. स्लॉट चालतो तो लोकांनी छोटे बास नेले तरच. आणि लोक नेत नाहीत. रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये बासच्या स्पर्धांत मासे जिवंत परत सोडायची मोहीम सुरू केली. ती इतकी रुजली की आता बास तळणारा माणूस म्हणजे पापी. तुमच्या शेजारच्या बोटवाल्याने तलावाच्या दृष्टीने काहीच केलं नाही, काम तुम्ही केलंत.

मोजायची पद्धत पण सांगून ठेवतो, कारण दंड तिथेच बसतो. मासा सपाट पट्टीवर, तोंड मिटलेलं, जबडा पट्टीच्या टोकाला टेकलेला, आणि शेपटीची दोन्ही पाती चिमटीत एकत्र दाबून जास्तीत जास्त जिथे पोचेल ते माप. शेपटी पसरून ठेवली तर मासा छोटा दिसतो. १५.९ वाटणारा चिमटीत १६.१ निघतो आणि तो स्लॉटमधला! आणि काठावरच डोकं-शेपूट उडवून मोकळं व्हायची कोकणी सवय इथे नको. वॉर्डनला लांबी मोजता आली पाहिजे.

कोकमआगळ

+१. बाकी "कुत्रं उचललं" वाचून फुटले.

हिवाळीगळ

मिशिगनहून. आमच्याकडे १४ इंच, ५ मासे, पण मेच्या शेवटापर्यंत ठेवायचे नाहीत, लगेच सोडायचे. मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) आधीच्या शनिवारी ठेवायचा हंगाम उघडतो. कारण विणीचं आहे. पाणी साठ-पासष्ट फॅरनहाइटला आलं की नर शेपटीने तळ झाडून खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि हा बापडा पहाऱ्यावर. त्या वेळी तो भुकेने नाही, रागाने गळावर येतो. त्याला उचलून बोटीत फोटो काढत बसलात की तेवढ्यात ब्लूगिल येऊन खळगा साफ करतात. सोडला तरी तो परत येईपर्यंत अंडी गेलेली असतात. म्हणून मी त्या दिवसांत खळग्यावरच्या माशाला गळ दाखवतच नाही. कायद्याने चालतं, मला चालत नाही.

जर्सीकर_अण्णा

रापणकर, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण आमच्याकडे सगळं घोडं तिथेच अडलंय.

मी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर स्ट्रायपर पकडतो. हा समुद्रातला बास, लार्जमाउथशी नातं नावापुरतंच. १९८० च्या दशकात हा मासा जवळपास संपला होता. मेरीलँडने तर १९८५ मध्ये पकडायला पूर्ण बंदी घातली, ती १९९० मध्ये उठली. मासा परत आला, लोक खूश. मग पुन्हा घसरण. आता २०२३ पासून किनाऱ्यावर दिवसाला एक मासा, तोही २८ ते ३१ इंचांमधलाच. तुमच्या फोर्कच्या बरोब्बर उलटं! तिथे मधला सोडायचा, इथे मधलाच ठेवायचा. मोठ्या माद्या वाचाव्यात आणि २०१५ साली जन्मलेली मोठी पिढी अंडी घालायला शिल्लक राहावी हा हेतू. त्यानंतर चेसापीक खाडीत वीण फारशी चांगली झालेली नाही, म्हणून त्या पिढीला जपणं चाललंय.

आता सोडण्याचं. शास्त्रज्ञ हिशेबात धरतात की गळाने पकडून सोडलेल्या स्ट्रायपरपैकी ९ टक्के मरतात. ऐकायला कमी वाटतं. पण हौशी लोक जेवढे पकडतात त्यातले बहुतेक सोडतात, म्हणजे आकडा कोट्यवधीत. २०१७ सालचा हिशेब बघा. मच्छीमार, हौशी सगळे धरून जेवढे स्ट्रायपर मेले, त्यातले ४८ टक्के हे हौशी लोकांनी "सोडलेले" होते. अर्धे! खाल्लेले नाहीत, विकलेले नाहीत, सोडलेले.

त्यामुळे जो माणूस "मी सगळे सोडतो हो" म्हणत दिवसभरात तीस मासे ओढतो आणि जो पहिला मापातला मासा घेऊन घरी जातो, त्यात मासे कोणी जास्त मारले ते तुम्हीच ठरवा. मी दुसऱ्या गटात.

जिवंत आमिष लावणार असाल तर सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) सक्तीचा आहे. तो पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. एकच काम करा, झटका मारू नका. दोरी ताणली की तो आपोआप बसतो. आपल्या हाताला झटक्याची सवय असते, ती मोडायला वेळ लागतो.

निरुपद्रवी

तुम्ही सगळे हुशार आहात, पण मूळ प्रश्नाला कोणी हात लावत नाहीये. खायचा असेल तर पकडा, मी शाकाहारी असूनही ते समजू शकतो. पण खायचाच नाही, तर त्याच्या जबड्यात लोखंड रुतवून, दमवून, फोटो काढून "जा बाळा" म्हणायचं याला खेळ म्हणतात? वर पुण्य पण तुम्हालाच!

चीजफोडणी

निरुपद्रवी, तुम्ही स्वित्झर्लंडला या, कायदा तुमच्या बाजूने आहे. २००९ पासून इथे परत सोडण्याच्याच उद्देशाने मासे पकडायला बंदी आहे. मापात बसणारा, खाण्याजोगा मासा पकडला तर तो मारून घरी न्यायचा. मापाहून लहान असेल तर अर्थातच सोडायचा. जर्मनीतही प्राण्याला त्रास द्यायला सबळ कारण लागतं, आणि नुसती मजा हे कारण धरलं जात नाही. त्यामुळे अमेरिकेत जो सभ्य माणूस, तो इथे गुन्हेगार.

मी गळ टाकत नाही, नवरा टाकतो. तो म्हणतो की दोन मासे झाले की सामान आवरायचं. पहिल्यांदा विचित्र वाटलं, आता बरं वाटतं. रविवार दुपारी बाराला माणूस घरी!

तळ्यातमळ्यात

निरुपद्रवी, मुद्दा मान्य, निम्मा. पण पैशाची बाजू बघा. अमेरिकेत १९५० च्या एका कायद्याने गळ, रॉड, रीळ या सगळ्यावर कर आहे आणि तो पैसा राज्यांच्या मत्स्य खात्यांकडे जातो, वर लायसनची फी. तलावात पाणवनस्पती लावणं, पिल्लं सोडणं, माशांची मोजदाद हे त्यातून होतं. "खेळ" बंद केलात तर तलावाकडे बघायला कोण राहील?

निरुपद्रवी

म्हणजे माशाने स्वतःच्या छळाची वर्गणी गोळा करून द्यायची. छान आहे.

तळ्यातमळ्यात

:) यावर उत्तर नाही माझ्याकडे.

बिवाकाठी

जपानमधून. चर्चेला तिसरं टोक आहे, तेही घ्या.

मी शिगा प्रांतात राहते, बिवा तलावाजवळ. इथे लार्जमाउथ बास परका. १९२५ मध्ये अमेरिकेतून आणून आशी तलावात सोडला, तिथून देशभर पसरला. बिवाचे मूळचे मासे त्याने आणि ब्लूगिलने फार कमी केले. म्हणून २००३ पासून शिगाचा नियम आहे की बास पकडला तर परत पाण्यात सोडायचा नाही. काठावर मोठ्या पेट्या ठेवल्या आहेत, त्यात टाकून द्यायचा. देशपातळीवर २००५ पासून जिवंत बास इकडून तिकडे नेणंही बेकायदा.

आणि गंमत अशी की जगातला सर्वात मोठा बास याच तलावातला. २ जुलै २००९, मानाबू कुरिता, २२ पाउंड ४.९७ औंस. त्याने जॉर्जियातल्या जॉर्ज पेरीच्या १९३२ च्या विक्रमाशी बरोबरी केली. पेरीचा २२ पाउंड ४ औंसाचा होता, पण विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त लागतात म्हणून दोघे बरोबरीत. एकाच जातीच्या माशाच्या दोन विक्रमांपैकी एक अशा तलावातला, जिथे त्याला सोडणंच गुन्हा!

(प्रत्यक्षात काठावर बसणारे सगळे पेटीत टाकतात का, हे विचारू नका.)

जर्सीकर_अण्णा

आणि पेरीच्या माशाचं काय झालं ठाऊक आहे का? मंदीचे दिवस होते. वजन करून घेतलं आणि घरच्यांनी खाल्ला. जगातला सर्वात मोठा बास, दोन वेळचं जेवण. आज असा मासा कोणी खाल्ला तर इंटरनेटवर फाडून खातील.

सोसायटीचा_सेक्रेटरी

अटलांटाजवळच्या आमच्या कॉलनीत तीनेक एकराचं तळं आहे. त्यावरून झालेल्या भांडणांवर स्वतंत्र धागा निघेल, पण इथे कामाचं तेवढं सांगतो.

तळ्यावर पाटी होती, "फक्त पकडा आणि सोडा". वर्षानुवर्षं. परिणाम असा की बास ढिगाने, पण सगळे दहा-अकरा इंची, डोकं मोठं, पोट खपाटीला, पाठ सुरीसारखी. टाकाल तेव्हा लागतो, पण चौदा इंची कोणी पाहिलेला नाही. शेवटी तळ्याचा तज्ज्ञ बोलावला. त्याने जाळं न टाकता बोटीतून पाण्यात वीज सोडून मासे वर आणले (मरत नाहीत, क्षणभर गुंगतात), मोजले, तोलले, आणि सांगितलं की पाटी काढा. बारा इंचांखालचे बास काढत राहा. तळ्याच्या सुपीकतेप्रमाणे एकरी वर्षाला दहा ते पंचवीस पाउंड काढणं साधारण योग्य धरतात.

सभेत हे सांगितलं तर एक बाई रडल्या. "आमच्या मुलांनी नावं ठेवलीत हो माशांना." शेवटी तडजोड झाली, नवीन पाटी लागली: बारा इंचांखालचा ठेवा, वरचा सोडा. दोन उन्हाळे गेले. आता मासे कमी लागतात, ही तक्रार. लागतात ते गोल गरगरीत असतात, याबद्दल कोणी बोलत नाही. लोकांचं समाधान करणं तळ्यापेक्षा अवघड.

रापणकर

वा! एवढी माहिती अपेक्षित नव्हती. बाबांना सगळं वाचून दाखवलं. स्लॉटचं कारण पटलं त्यांना, पण त्यांचा प्रतिप्रश्न असा की गावाला आम्ही बारीक इसवण (सुरमई) जाळ्यातून सोडायची म्हटलं तरी ती मेलेलीच असते, मग आमच्या सरकारने माप ठरवून काय साधलं? कोणी सांगेल का?

दर्यावर्दी

रत्नागिरीहून. वडिलांचा प्रश्न नेमका आहे.

राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींना किमान आकारमान ठरवून दिलं. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, असे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशी त्यामागे आहेत. त्याच वर्षी चंदेरी पापलेटला राज्य मासा जाहीर केलं. पण गळ आणि जाळं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गळाचा मासा एकेक येतो, जिवंत येतो, बघून सोडता येतो. ट्रॉलच्या खोळीत तासन्‌तास चेंगरून आलेलं पिल्लू सोडलं काय आणि ठेवलं काय. त्यामुळे आमच्याकडे मापाचा नियम पाण्यात काम करत नाही, बंदरावर आणि बाजारात करतो. लहान पापलेट विकता आलं नाही तर उद्या तिथे जाळं टाकणार नाहीत, एवढाच आधार. खरं काम जाळ्याच्या आसाने, म्हणजे भोकाच्या मापाने होतं. आस मोठा असेल तर पिल्लू आत अडकतच नाही, बाहेर पडतं. तो पाळला जातो का, ते वडिलांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

आणि गिऱ्हाईक! तळहाताएवढी पापलेटं "कोवळी, मऊ" म्हणून आवडीने घेणारी माणसं आहेत तोवर कोणाला दोष द्यायचा?

कोकमआगळ

आता माझा प्रांत. रापणकर, त्या १३ इंचीचं केलंत काय? कोणी विचारतच नाहीये!

बास खायचा तर याच मापाचा. पकडल्याबरोबर कल्ला कापून रक्त जाऊ द्या आणि लगेच बर्फात. दोरीला ओवून दिवसभर कोमट पाण्यात लोंबकळत ठेवलात तर घरी चिखल येतो. तुकडी नका करू, काटे बारीक आहेत, दोन्ही बाजूंचे फिले काढा. कातडी काढली की मधोमध एक तांबूस-तपकिरी पट्टा दिसेल. तो सुरीने व्ही आकारात काढून टाका, तळ्याचा वास बराचसा तिथेच असतो. मग मीठ, हळद, आगळ, आलं-लसूण, तिखट. रवा आणि तांदळाचं पीठ निम्मं निम्मं. तिरफळ घालून तिखलं करायच्या भानगडीत पडू नका, माशाची चव सौम्य आहे, तिरफळापुढे टिकत नाही.

मोठा बास न खाण्याचं आणखी एक कारण आहे ते म्हणजे पारा. शिकारी मासा जितका म्हातारा तितका त्याच्या मांसात पारा जास्त, आणि तो मांसातच असतो. चरबी काढून किंवा शिजवून जात नाही. पूर्व टेक्सासमधल्या कॅडो लेकसारख्या काही तलावांच्या बासबद्दल आरोग्य खात्याच्या सूचना आहेत. गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यासाठी त्या आधी बघाव्यात.

हिवाळीगळ

सोडायचाच असेल तर थोडक्यात: हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. चार-पाच पाउंडांचा असेल तर नुसता खालच्या जबड्याने उभा लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली. बोटीच्या तापलेल्या कार्पेटवर टाकू नका. गळ घशात गेला असेल तर उचकटत बसण्यापेक्षा दोरी जवळून कापा. आणि उन्हाळ्यात पाणी तापलं की प्राणवायू कमी, मासा लवकर दमतो. तेव्हा पहाटे जा नाहीतर घरी बसा.

रापणकर

सगळ्यांचे आभार. कोकमआगळ, तळला. पट्टा काढला नव्हता, त्यामुळे आईच्या शिव्या फोनवर. :)

शेवटचं विचारतो. डिसेंबरमध्ये पुन्हा फोर्कला जायचं म्हणतोय, तेव्हा बास मंद असतो म्हणे. क्रॅपीसाठी (तिथलाच दुसरा, लहान मासा) काय माप आहे? ते पण लहान असतील तर सोडायचे ना?

तळ्यातमळ्यात

अजिबात नाही! बरं झालं विचारलंत. एरवी टेक्सासमध्ये क्रॅपीला १० इंच किमान आणि दिवसाला २५. पण फोर्कला १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर किमान मापच नाही, आणि जो क्रॅपी गळाला लागेल तो ठेवलाच पाहिजे. सोडणं नियमाविरुद्ध. थंडीत ते खूप खोल असतात. तिथून वर ओढला की पोटातली हवेची पिशवी फुगते, सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही, पाण्यावर आडवा तरंगत मरतो. म्हणून बोटभराचा आला तरी बर्फाच्या पेटीत टाकायचा आणि पंचविसांत मोजायचा. पंचवीस झाले की त्या दिवसापुरते क्रॅपी बंद. एवढंच की निघण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका बघून घ्या, तलावागणिक अपवाद बदलत असतात.

आणि हो, वडील पाहुणे आहेत, त्यांनाही लायसन लागेल, एक दिवसाचं मिळतं. फक्त स्टेट पार्काच्या आत काठावरून टाकणार असाल तर लागत नाही. मापं आणि संख्या तिथेही लागू.

कोकमआगळ

क्रॅपी?? पंचवीस?? कुठे राहता म्हणालात तुम्ही?